सणाचे अकरा रातकिडे

मालिनीचं लग्न ठरत होतं तेव्हा मिरजेच्या बैठकीच्या खोलीत श्रीपादने तिला विचारलं होतं, "तुम्हाला काही विचारायचंय का?" पगार किती, घर केवढं, सासूबाई तिकडे येऊन राहणार का, असले प्रश्न आईने पढवून ठेवले होते. मालिनीने विचारलं, "तिकडे पाली असतात का?"

"जर्मनीत? बॉबलिंगेनमध्ये?" श्रीपाद हसला. "औषधाला सापडणार नाही."

तेवढ्यावर मी होकार दिला, असं ती पुढे बावीस वर्षं सांगत आली. ऐकणारे हसायचे. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. लहानपणी मोरीच्या भिंतीवरून पाल खांद्यावर पडली तेव्हा तिने अंगाला इतका साबण घासला होता की मानेजवळची कातडी सोलवटून निघाली होती. किळस हा तिचा स्वभावच. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्यातलं पाणी, केसांचा गुंता, ओल्या फडक्याला येणारा कुबट वास, यातलं काहीही तिच्या पोटात ढवळून आणायला पुरे व्हायचं. आणि नेमकं नाक असं तिखट की वास आधी तिला यायचा, मग जगाला.

अशा बाईला नोकरी मिळाली ती कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात. लोक पँटी आणून टाकायचे. कुणाची चेन बिघडलेली, कुणाची मांडीत उसवलेली. धुऊन आणाव्यात असं दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ते कुणी वाचायचं नाही. बारा वर्षं मालिनी तोंडाने श्वास घेत दुसऱ्यांच्या पँटी शिवत होती. सासरे आजारी होऊन सहा महिने इथे आले, तेव्हाही त्यांचं सगळं तिनेच केलं होतं. श्रीपाद दाराशी उभा राहून म्हणायचा, "मला गं वास सहन होत नाही." जणू तिला अत्तर लावून दिलं होतं.

केया तेरा वर्षांची असताना एका मैत्रिणीच्या घरून खोकं घेऊन आली. खोक्यात ओटो होता. बिअर्डेड ड्रॅगन म्हणे. ड्रॅगन कसला, हातभर लांब पालच ती. पिवळट मातकट रंग, वाळल्या कारल्यासारखी काटेरी कातडी, गळ्याखाली काट्यांची झालर, आणि माणसाकडे बघताना पापणी खालून वर मिटायची. मालिनी बाल्कनीत जाऊन उभी राहिली आणि काचेतून म्हणाली, "एक तर ते तरी, नाहीतर मी तरी." श्रीपादने लगेच हो म्हणून टाकलं, ओटोला. हो म्हणायला त्याचं काहीच जात नसे. निस्तरायला तो नसे.

सहा वर्षं मालिनी केयाच्या खोलीत अर्ध्यापर्यंतच गेली. काचेच्या पेटीत, केया तिला टेरारियम म्हणायची, दिव्याखाली तो पसरलेला असायचा. त्याचं जेवण डब्यातून यायचं: जिवंत रातकिडे. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खाचांमधून ते एकमेकांच्या अंगावर चढायचे, मेलेल्यांना खायचे आणि डबा उघडला की ओल्या कुत्र्यासारखा वास सुटायचा. केया त्यांना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायची. पिठीसाखरेत घोळवल्यासारखे पांढरे झालेले ते किडे एकदा मालिनीने पाहिले, आणि त्या वर्षीपासून घरात शंकरपाळ्यांवर साखर भुरभुरणं बंद झालं.

मग केया शिकायला कोलोनला गेली. ज्या घरात खोली मिळाली तिथे प्राणी चालत नव्हते. ओटोला आपल्या मैत्रिणीकडे ठेवायचं तिने ठरवलंही होतं, पण जेवताना श्रीपाद म्हणाला, "कशाला परक्याकडे? आई आहे ना घरी."

केयाने आईकडे पाहिलं. गेली दोन वर्षं मायलेकींचं फारसं पटत नव्हतं. केया बोलायची जर्मनमध्ये, मालिनी मराठीत, आणि भांडण दोन्ही भाषांत व्हायचं. पण त्या दिवशी केयाने मराठीत विचारलं, "आई, करशील?"

त्या एका वाक्यापुढे मालिनीचं नाक हरलं. "करीन," ती म्हणाली.

केयाने तीन पानी तक्ता करून भिंतीला चिकटवला. ओटोला हिवाळ्यात दोन-तीन महिने झोप लागते. त्या झोपेची ती तयारी होती. अठरा ऑक्टोबरपासून खाणं पूर्ण बंद. दिवे मात्र रोज थोडे कमी करत आणखी दोन आठवडे चालू ठेवायचे, म्हणजे पोटात असेल ते पचून बाहेर पडेल. मग दिवे बंद, खोलीतला हीटर बंद, सोळा अंशांवर अंधार. दर रविवारी वजन. आणि लाल शाईने, दोनदा अधोरेखित: रिकाम्या पोटीच झोपवायचं. थंडीत त्याची पचनशक्ती थांबते. पोटात खाणं राहिलं तर ते आतल्या आत कुजतं आणि ओटो मरतो.

मालिनीने बागकामाचे हातमोजे आणले, लांब चिमटा आणला आणि वेगळा वजनकाटा आणला. ज्यावर बेसन मोजायचं त्यावर ते मोजणं तिला सात जन्म जमलं नसतं. सतरा तारखेला तिने त्याला शेवटचं खायला घातलं. उरलेले रातकिडे डब्यासकट श्रीपादच्या हातात दिले. "ऑफिसला जाताना त्या प्राण्यांच्या दुकानात परत देऊन टाका. घरात नकोत." श्रीपादने मान हलवली.

पुढल्या दोन आठवड्यांत तिने जे केलं ते तिच्या आईने पाहिलं असतं तर पोरीला देवऋष्याकडे नेलं असतं. कोमट पाण्याच्या टबात ती ओटोला ठेवायची. तो पाण्यात शी करायचा. काळी लेंडी आणि तिच्या टोकाला खाण्याच्या चुन्यासारखा पांढरा गोळा. त्यानंतर मालिनी टब उकळत्या पाण्याने धुवायची, मग स्वतःचे हात धुवायची, मग नळ धुवायची. आणि केयाला मेसेज करायची, 'आज झाली.' केयाचा अंगठा यायचा. एकदा अंगठ्याबरोबर लाल बदामही आला. मालिनीने तो तीन वेळा उघडून पाहिला.

मध्येच दिवाळी होऊन गेली. पंचवीस तारखेला शनिवारी फराळाला दहा-बारा माणसं बोलावली होती. मालिनी सकाळपासून तळणीपाशी होती. पाहुण्यांची गडबड, आतल्या खोलीत हसण्याचे फवारे, सासूबाई मिरजेहून टॅब्लेटच्या पडद्यावर हजर, आणि सगळ्यांच्या हातातून तो टॅब्लेट घरभर फिरत होता. चकल्यांचा घाणा तेलात असताना आत काय चाललंय हे बघायला कोण जातं?

एक नोव्हेंबरला तिने दिवे बंद केले. बुचाच्या सालीच्या बोगद्यात शिरून ओटो झोपला. पहिल्या रविवारी वजन ठीक होतं.

दुसऱ्या रविवारी सकाळी खोलीचं दार उघडलं आणि मालिनी उंबऱ्यातच थांबली. वास होता. ओटोचा नेहमीचा नव्हे. नासलेल्या डाळीचा, तुंबलेल्या नळाचा, गोडूस. तिने तोंडावर पदर धरावा तसा ओढणीचा बोळा धरला आणि पेटी उघडली. वास तिथूनच होता. हातमोजे घालून तिने त्याला बाहेर काढलं. तो शेंगेसारखा सपाट असायला हवा होता. त्याचं पोट दोन्ही बाजूंनी टम्म होतं आणि खालची कातडी काळवंडली होती. त्याने डोळा अर्धा उघडला. जबडा जरासा उघडला आणि तो वास सरळ मालिनीच्या तोंडावर आला. ओटोला पेटीत ठेवून ती न्हाणीघरात गेली आणि सकाळचा चहा ओकून आली.

मग केयाला फोन लावला. श्रीपाद समोरच सोफ्यावर बसून मोबाइल चाळत होता. फोन स्पीकरवर होता.

पोट फुगलंय आणि वास येतोय, एवढं ऐकल्यावर केयाचं जर्मन धडधडत आलं. "तू त्याला खायला घातलंस."

"नाही गं."

"आई, घातलंस. तुला राहवत नाही. माझ्या मैत्रिणी जेवून आल्या तरी तू त्यांना वाढायचीस. लाल शाईने लिहिलं होतं मी! दोनदा!"

"केया, शप्पथ सांगते, सतरा तारखेनंतर..."

"मग काय त्याने स्वतः फ्रीज उघडला?"

मालिनीने श्रीपादकडे पाहिलं. तो खाली बघत होता, पण त्याचा अंगठा मोबाइलवर थांबला होता.

"दवाखान्याच्या तातडीच्या नंबरला फोन कर," केया म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता, तेरा वर्षांच्या मुलीसारखा. "आणि त्यांना खरं सांग. काय खाल्लं, किती, कधी. त्यावर सगळं अवलंबून आहे. मला खोटं सांगितलंस तरी चालेल, त्यांना सांगू नकोस. प्लीज." फोन बंद झाला.

"अहो," मालिनी म्हणाली, "तुम्ही काही घातलंत का त्याला?"

"मी? छे! मी त्या खोलीत जातो तरी का?"

स्टुटगार्टच्या दवाखान्यातल्या बाईंनी नेमकं तेच विचारलं. काय, किती, कधी? मालिनी म्हणाली, "काहीच नाही." त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे पोटात काहीतरी आहे. काय आहे ते कळलं तर डॉक्टरांना ठरवता येईल. घरातल्या सगळ्यांना विचारा." तोवर दिवे लावून हळूहळू ऊब द्या, संध्याकाळी कोमट पाण्यात बसवा, पोटावरून पुढून मागे बोट फिरवा, उद्या दहाला घेऊन या.

घरातले सगळे म्हणजे दोन माणसं. मालिनीने दिवे लावले आणि पेटीसमोर स्टूल घेऊन बसली. त्या खोलीत आणखी कोण आलं होतं? फराळाची माणसं. त्यांतल्या वैभवीने दिवाळीच्या ग्रुपवर त्या दिवशीचे फोटो टाकले होते, सत्त्याऐंशी. मालिनीने ते उघडलेच नव्हते. आपण सगळ्या फोटोंत स्वयंपाकघराच्या दारात घामेजलेल्या दिसणार हे तिला ठाऊक होतं. तसंच होतं. चव्वेचाळिसाव्या ठिकाणी व्हिडिओ होता.

केयाची खोली. पेटीभोवती माणसं. श्रीपाद नव्या सिल्कच्या कुडत्यात, हातात लांब चिमटा, बाजूला रातकिड्यांचा तोच डबा. कुणीतरी टॅब्लेट उंच धरलेला आणि त्यात सासूबाई.

"आई, ही बघ तुझी घोरपड!"

"अरे, खायला दिलं का तिला काही?"

"नाही गं आई, तिचा उपास चाललाय. केयाचा हुकूम."

"सणासुदीचा उपास? घरचं मुकं जनावर उपाशी आणि तुम्ही चकल्या खाणार? पाप लागेल रे. वसुबारसेला आपण गाईला घास देतो की नाही? घाल तिला."

"घाला हो श्रीपादराव, आम्हालाही बघू दे!" वैभवीचा आवाज.

चिमट्यातून पहिला रातकिडा गेला. ओटोची जीभ सपकन बाहेर आली. सगळे ओरडले. दुसरा. तिसरा. लोक मोठ्याने मोजू लागले, लग्नात घास भरवताना मोजावं तसे. "अकरा! बास आता, शुभ आकडा!" टाळ्या. पडद्यावर सासूबाईंनी हात जोडले. व्हिडिओच्या शेवटी मागून मालिनीचा आवाज ऐकू येत होता: "चकल्या गरम आहेत, या लवकर!"

तिने व्हिडिओ पुन्हा पाहिला नाही. दवाखान्यात फोन करून कळवलं: अकरा रातकिडे, पंचवीस तारखेला. मग बाहेर आली.

"अकरा," ती म्हणाली.

श्रीपादने मान वर केली. कशाबद्दल, असं विचारायची वेळ त्याने स्वतःवर आणली नाही. "अगं, आई म्हणाली. सणाचं. एवढ्या लोकांत तिला नाही कसं म्हणायचं?"

"डबा परत द्यायला सांगितला होता."

"राहून गेला. बाल्कनीत होता. आणि अकरा म्हणजे काय, एवढे एवढे तर असतात."

"मला नंतर सांगायचं तरी. मी दिवे बंद केले नसते."

"तू चिडली असतीस."

"सकाळी केया मला बोलत होती. तुम्ही समोर बसला होतात."

श्रीपाद उठला, खिडकीशी गेला, परत आला. त्याचा आवाज मऊ झाला. सासूबाईंकडे पैसे पाठवायचे असले की व्हायचा तसा. "मालू, हे बघ. ती तुझ्यावर चिडली तर किती दिवस? दोन. तुमचं काय, रोजचंच आहे. भांडता, परत बोलता. माझ्यावर चिडली तर बोलायचीच बंद होईल. माझ्याशी ती छान असते. ते कशाला बिघडवायचं? तुझ्या नावावर असू दे एवढं."

मालिनी त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या मिशीला सकाळच्या पोह्यांतलं खोबरं चिकटलेलं होतं. बावीस वर्षांत ती त्याच्यावर रागावली होती, रडली होती, एकदा सामान बांधून दारापर्यंतही गेली होती. पण मोरीतल्या पालीला पाहून होतं तसं, नाभीपासून गळ्यापर्यंत सरसरत येणारं, तिला त्याच्याकडे बघून कधी झालं नव्हतं.

ती न्हाणीघरात गेली आणि टब भरायला लागली.

संध्याकाळच्या आंघोळीत काही झालं नाही. टबात ओटोच्या कोपराइतकं पाणी, त्यात तो लाकडासारखा. हातमोज्यांतून पोटाची घडी कळेना, म्हणून तिने ते काढले आणि उघडं बोट त्याच्या पोटावर ठेवलं. कातडी गार आणि सैल होती, तिच्याखाली गाठी होत्या, कणकेत खडे राहावेत तशा. पुढून मागे, पुढून मागे. तिच्या दंडावर काटा उभा राहिला आणि तो बसेना. अर्धा तास तिने ते केलं. एका बाजूला ओकारीसाठी बादली ठेवली होती, ती दोनदा लागली. श्रीपादने दाराबाहेरून विचारलं, "जेवायला काय करतेयस?"

"तुम्ही बघा," ती म्हणाली. त्याने बाहेरून पिझ्झा मागवला. तिच्यासाठीही ठेवला, हे सांगायला हवं.

सोमवारी सकाळी तिने दुकानात रजा कळवली आणि साडेसातला पुन्हा टब भरला. ऊब मिळून ओटो आता जरा हलत होता. वीस मिनिटांनी त्याचं शेपूट ताठ झालं, मागचे पाय पसरले आणि पाणी एकदम तपकिरी झालं. मालिनीने श्वास धरला, पण वासाला श्वास लागत नाही. तो डोळ्यांतून शिरला. पाण्यावर चिकट गोळे तरंगत होते आणि त्यांच्यातून रातकिड्यांचे पाय, पंख, एक अख्खं डोकं मिशांसकट. न पचलेली दिवाळी. सगळं आलं नव्हतं, हे बोटाला कळत होतं. मागच्या बाजूला अजून दोन गाठी होत्या. पण आतलं काहीतरी सुटलं होतं. ओटोने मान वर केली आणि तिच्या मनगटावर नख्या रोवल्या. मालिनीने त्या काढून टाकल्या नाहीत. काढायच्या तर त्यांना हात लावावा लागला असता.

श्रीपाद दारात आला, लॅपटॉपची पिशवी खांद्याला, नाकावर रुमाल. "झाली? चला, सुटलो! मग आता दवाखाना कशाला? केयाला कळव, सगळं ठीक म्हणून. मी निघू?"

मालिनीने ओटोला टॉवेलात गुंडाळलं. टबातलं चमच्याने एका काचेच्या बरणीत भरलं, कारण दवाखान्याने नमुना मागितला होता. झाकण लावलं. बरणी श्रीपादसमोर धरली.

"धरा."

"ए, काहीतरीच काय! मला वास..."

"धरा. तुम्ही येताय. गाडी मी चालवते, हे तुम्ही मांडीवर घ्या."

"साडेनऊला मीटिंग आहे माझी!"

"डॉक्टर विचारतील कुणी घातलं, कसं घातलं. मी तिथे नव्हते, मी चकल्या तळत होते. दहाला केयाही फोनवर असणार आहे. तिला मी काही सांगणार नाही. व्हिडिओ माझ्याकडे आहे, तोही पाठवणार नाही. तुम्ही सांगायचं. तुम्ही नाही सांगितलंत तर पाठवीन."

"मालू, एवढ्याशा गोष्टीसाठी..."

तिने बरणी त्याच्या शर्टाच्या आणखी जवळ नेली. त्याने ती धरली. धरली नसती तर पडली असती.

स्टुटगार्टच्या रस्त्याला सोमवारची गर्दी होती. मागच्या गाडीचे दिवे धुक्यात पिवळे दिसत होते. श्रीपादच्या मांडीवर टोपली, टोपलीत गरम पाण्याच्या पिशवीवर ओटो, आणि दोन बोटांत बरणी, जितकी लांब धरता येईल तितकी लांब. झाकणातून वास येतच होता. त्याने काचेचं बटण दाबलं. गार वारा आत आला.

"काच उघडू नका. त्याला थंडी बाधेल."

"मला मळमळतंय."

"तोंडाने श्वास घ्या."

त्याने काच वर केली. थोडा वेळ दोघंही तोंडाने श्वास घेत बसले. मग गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. मालिनीने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं.

"आई?" केया. रात्रभर झोपली नसावी असा आवाज. "कसा आहे? डॉक्टरांना सांगितलंस ना खरं?"

मालिनीने सिग्नलवर गाडी थांबवली. "जिवंत आहे. सकाळी बरंच पडलं बाहेर. बाकी बाबा सांगतायत."

"बाबा? बाबा तिथे आहे?"

श्रीपादने मालिनीकडे पाहिलं. ती समोर बघत होती. टोपलीत ओटोने कूस बदलली आणि त्याची ओली शेपटी टॉवेलातून सुटून श्रीपादच्या मनगटावर पडली. तो दचकला, पण दोन्ही हात अडकलेले होते.

"केया," तो म्हणाला. मग घसा खाकरला. "अगं, त्या शनिवारी फराळाला सगळे आले होते ना... तर तुझी आजी म्हणाली..."

"आजी नाही," मालिनी म्हणाली. "तुम्ही."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. मालिनीने गाडी पुढे घेतली.

"मी," श्रीपाद म्हणाला. "मी घातले. अकरा."

फोन चालू होता. सेकंद पुढे सरकताना पडद्यावर दिसत होते. "हॅलो?" श्रीपाद म्हणाला. "केया? हॅलो?"

बऱ्याच वेळाने केया बोलली, मराठीत, आणि त्याच्याशी नाही. "आई, वळणावर गाडी हळू घे. त्याचं पोट दुखत असेल."

"घेते," मालिनी म्हणाली आणि वेग कमी केला.